चोवीस चाकांची घोण

मी घोण बोलतेय. चप्पल उचलू नका. मी चावत नाही आणि भिंतीच्या फटीतूनही आलेली नाही. मी पितळेची आहे, चांगली दोन हात लांब, आणि माझ्या पोटाखाली पाय नाहीत, चाकं आहेत. चोवीस. हवी तर मोजून घ्या. एरवी ती कुणी मोजत नाही, सगळे काळीकडे बघत असतात.

काळीचं सांगतेच, पण आधी माझं कूळ सांगते. फार वर्षांपूर्वी डिझेलची इंजिनं नवी होती, तेव्हा परदेशात एक अजब इंजिन निघालं. एकाच पोटात दोन डिझेल यंत्रं आणि खाली चोवीस चाकं. तिकडचे लोकही त्याला घोणच म्हणायचे. मोजकीच बनली, सारखी बिघडली आणि थोड्याच वर्षांत भंगारात गेली. एकसुद्धा शिल्लक राहिलं नाही. आता उरल्यात त्या लहान प्रतिकृती. शौकीन लोक त्या पितळेच्या करतात आणि काचेच्या कपाटात मांडतात. त्या कपाटातल्या बहिणींचाही मला हेवा वाटतो. पण काळीचा वाटतो तसा नाही.

माझे धनी मीरासाब मिस्त्री. कोल्हापूरच्या उद्यमनगरात चाळीस वर्षं त्यांनी पॅटर्न बनवले. पॅटर्न म्हणजे ओतकामाआधी करतात तो लाकडी नमुना. निवृत्तीच्या दिवशी मालकांनी त्यांना एक खोकं भेट दिलं. त्यातून निघाली काळी. वाफेचं इंजिन, सोबत गोल मांडायचे रूळ. खाली स्पिरिटचा दिवा लावला की पाणी उकळतं, धूर निघतो आणि ही बया शिट्टी घालते. दर रविवारी मागच्या अंगणात तिला बघायला सगळी गल्ली जमायची.

लक्षात घ्या, तिला मीरासाबांनी घडवलं नाही. ती तयार आली. मला त्यांनी घडवलं.

रद्दीतल्या एका परदेशी मासिकात त्यांना माझ्या कुळाचा फोटो आणि आराखडा सापडला. मुलगी नाजिया कारखान्यात मापं तपासायच्या कामावर आहे. तिनं त्यांना खालचा मजकूर वाचून दाखवला. मीरासाबांनी तो फोटो उजेडाकडे धरला.

"एक बी ठेवलं न्हाय व्हय ह्यांनी?"

"न्हाय अब्बा. समदी मोडली."

"मग मी करतो एक."

दीड वर्ष ते माझ्यात गुंतले होते. चाकांचे नमुने त्यांनी सागवानात कोरले, त्यांवरून चाकं ओतून आणली, घासली. पितळी सळई कापून बारा आस केले. माझ्या खिडक्यांच्या चौकटी आणि कठड्याच्या तारा हुपरीच्या गुंडूअण्णांनी जोडल्या. ते पैंजण करणारे कारागीर, मीरासाबांचे जुने दोस्त. घुंगराला डाक देऊन सांधावं तसं त्यांनी मला जागोजागी नाजूक डाकानं सांधलं. त्या दीड वर्षात काळी कोपऱ्यात धूळ खात होती. माझ्या आयुष्यातले ते सगळ्यात सुखाचे दिवस.

मग तो रविवार आला. पोटात बॅटरी घालून मला रुळावर ठेवलं. सरळ रुळावरच माझं अंग घासू लागलं. पहिल्या वळणावर पुढची चाकं रुळावर चढली आणि मी कुशीवर आडवी झाले.

"अगं बया, घोण उलथी पडली की!" शेजारच्या चिमणाबाई ओरडल्या.

"मिस्त्री, हिला पाय ज्यास्त झाल्यात," गुंडूअण्णा म्हणाले. "कुठला आधी टाकायचा त्येच हिला कळंना झालंय."

सगळे हसले. हसून झाल्यावर कुणीतरी म्हणालं, "काळीला सोडा की." आणि त्याच रुळावरून, माझ्या डोळ्यांदेखत, ती धूर काढत मिरवत गेली.

पुढे आठ महिने मीरासाबांनी सगळं करून पाहिलं. स्प्रिंगा बदलल्या, चाकं पुन्हा घासली, वजन मागेपुढे केलं. मी दर वेळी पडले. शेवटी त्यांनी मला फळीवर ठेवलं आणि वर पंचा टाकला. पंचा विरलेला होता. त्यातून अंगण दिसायचं. काळीची शिट्टी झाली की मला वाटायचं, हिच्या बंबाला भोक पडावं.

भोक पडलं नाही, पण तिच्या एका चाकाची कड झिजली. ती अडखळू लागली. माझा आनंद एकच दिवस टिकला.

"त्यात काय एवढं?" गुंडूअण्णा म्हणाले. "घोणीची चाकं लावा तिला. ही कुठं चालतीया? पडूनच हाय की."

  मीरासाबांनी पंचा काढला, मला पालथं केलं आणि पान्ह्यानं माझा शेवटचा आस चाकांसकट सोडवला. परदेशात माझ्या कुळाचं जे झालं, ते आता या अंगणात होणार होतं. आणि तेही त्या काळतोंडीला पाय मिळावेत म्हणून!

माझा आस काळीखाली बसवला. तिला रुळावर ठेवलं. आणि काय सांगू, काळीसुद्धा घासायला लागली! वळणावर तीही आडवी झाली.

आता मीरासाबांच्या कपाळावर आठी पडली. नाजियानं आपलं मोजायचं हत्यार आणून त्या आसावर लावलं.

"अब्बा, पाऊण मिलिमीटर ज्यास्त हाय."

"शक्यच न्हाय. पट्टीनं मोजून कापलाय."

"कुठली पट्टी?"

त्यांनी खिशातली पट्टी काढली आणि तिथंच थांबले. ती पॅटर्नवाल्याची पट्टी होती. ओतलेला धातू थंड होताना आकसतो, म्हणून त्या पट्टीवरचा प्रत्येक आकडा मुळातच जरा लांब असतो. चाकांच्या नमुन्याला ती बरोबर होती. पण आस तर तयार सळईतून कापलेले! चाळीस वर्षांच्या सवयीनं हातात तीच पट्टी आली होती.

"म्हंजे गार पितळ बी आकसंल म्हणून आठ महिने वाट बघितली की तुम्ही!" गुंडूअण्णा पोट धरून हसले.

मीरासाब हसले नाहीत. स्टुलावर बसून पट्टी उलटीसुलटी करत राहिले.

"आता आस कापा," गुंडूअण्णा जरा नरमाईनं म्हणाले. "न्हायतर मोडून टाका."

"शेवटचा कडंला हुता म्हणून निघाला. बाकीचं कापायचं तर हिला समदी उसवाय लागंल. तुझा डाक बी तुटंल," मीरासाब म्हणाले. मग माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणाले, "चूक माझी. पाय हिचं का कापायचं?"

त्यांनी माझा आस परत मला लावला. दुसऱ्या दिवशी रुळांसाठी पितळी पट्ट्या आणल्या आणि अंगणात दुसरा गोल मांडायला घेतला. माप खिशातल्या त्याच पट्टीनं घेतलं.

तो गोल पुरा झाला त्या रविवारी मी धावले. चोवीसच्या चोवीस चाकं रुळाला धरून, एकही न चुकता. चिमणाबाईंनी टाळ्या वाजवल्या. हौसेनं कुणीतरी काळीलाही माझ्या रुळावर ठेवलं. तिला तो रुंद पडला आणि ती धपकन दोन रुळांच्या मधे पडली. तो आवाज अजून माझ्या कानात आहे. तेवढा गोड आवाज मी दुसरा ऐकला नाही.

पण ऐका पुढे. काळीच्या झिजलेल्या चाकाला गुंडूअण्णांनी चांदी भरून दिली. आता तिच्या पायात चांदी आहे! तिनं आपल्या रुळावर शिट्टी घातली आणि सगळी गल्ली तिकडे वळली.

माझ्याजवळ मीरासाब एकटे उरले. ते फरशीवर बसले आणि माझी घरघर कळावी म्हणून त्यांनी तळहात जमिनीला लावला. आता दर रविवारी असंच असतं. तिच्याकडे गर्दी, माझ्याकडे एक माणूस. मी फेऱ्या मारते, दर फेरीला त्या हाताजवळून जाते. माझ्या रुळावर जगातलं दुसरं कुठलंही इंजिन बसत नाही, हे मला ठाऊक आहे. त्यांनाही ठाऊक आहे.

तरी शिट्टी झाली की त्यांची मान क्षणभर तिकडे वळते. हात जमिनीवरच असतो, पण मान वळते. तेवढं मला अजून बघवत नाही. म्हणून एक मागणं आहे. आमच्या अंगणात कधी आलात तर जरा लवकर या, काळीचं पाणी उकळायच्या आधी.