झ्लातिनाची झोप

आमच्या स्लिवेनमध्ये गल्लीच्या तोंडाशीच झ्लातिनाचं बनित्साचं दुकान आहे. पातळ पापुद्र्यांत चीज भरून भाजलेली तिची गरमागरम बनित्सा खायला गिरणीतले कामगार उजाडायच्या आत दारात हजर असत. त्यांच्यासाठी ही बाई वर्षानुवर्षं अपरात्री उठायची आणि दुपारी लेकीची जुळी सांभाळायची. झोप काय ती बसल्या जागी, डुलक्यांची.

गेल्या हिवाळ्यात तपासणीत तिची साखर वाढलेली निघाली. नवरा गावरिल गिरणीतून निवृत्त होऊन घरीच असायचा. त्याला आयताच विषय मिळाला. त्यानं मुरंब्याच्या बरण्या माळ्यावर चढवल्या.

"तोंडाला कुलूप लाव जरा. येता-जाता चरतेस!"

"भूक लागते रे! जेवून उठले की पुन्हा लागते, त्याला मी काय करू?"

डॉक्टर रादोस्तिना म्हणजे झ्लातिनाच्या मैत्रिणीची लेक. तिनं आधी खाण्याचं काढलंच नाही.

"मावशी, झोपतेस किती?"

"मिळेल तेवढी. सलग कधीच नाही."

"मग भूक लागणारच! झोप कमी पडली की भूक आरडाओरडा करते आणि पोट भरल्याचं आपल्याला कळतच नाही. शिवाय तू खातेस अपरात्री, शरीर झोपायच्या तयारीत असताना. तेव्हा त्याला साखर नीट आवरत नाही, ती रक्तातच रेंगाळते."

सोबत आलेला गावरिल खो-खो हसला. "झोपून साखर उतरते म्हणे! उद्या म्हणशील, घोरून केस उगवतात!"

"एवढं हसतोस, तर महिनाभर पहाटेचं काम तू कर," झ्लातिना म्हणाली.

"करतो की! पीठ मळायला काय पैलवान लागतो?"

पहिले काही दिवस स्वारी शीळ घालत काम करत होती. पुढच्या आठवड्यात मी गेले, तर गावरिल गिऱ्हाइकांवर खेकसत होता. बनित्सात मीठ दोनदा पडलेलं. प्रत्येक ताटातली कडेची बनित्सा मात्र त्यानं स्वतःच खाऊन टाकलेली. पट्टा एक भोक पुढे सरकला होता. रात्रभर झोपून ताजीतवानी झालेली झ्लातिना दारात उभी होती.

"काय रे, आता कोण चरतंय?"

त्यानं अंगातला एप्रन काढून फेकला. "बास! उद्यापासून दुकान आठ वाजता उघडणार."

"आणि आम्ही काय वारा खाऊन कामाला जायचं?" रांगेतला पेन्चो ओरडला.

"संध्याकाळी घेऊन जा, सकाळी गरम कर! बायको नाही तर तवा तरी असेल ना घरी?"

सगळी रांग हसली. लोक दोन-चार दिवस रुसले, मग मुकाट्यानं संध्याकाळी यायला लागले. जुळ्यांना लेकीनं पाळणाघरात घातलं.

वसंतातल्या तपासणीत झ्लातिनाची साखर बरीच उतरली होती. "अजून थोडी उतरायला हवी. रोज चालायचं," रादोस्तिनानं बजावलं. आता दुकान बंद झालं की दोघं टेकडीच्या वाटेला लागतात. झ्लातिना झपझप पुढे जाते. गावरिल दर वळणावर बूट झटकायला बसतो आणि तिला थांब म्हणून हाका मारतो. ती थांबते, पण वरच्या वळणावर जाऊन.