घरच्यांना सवलत नाही

शिंपीणबाईंच्या दुकानात एकच पाटी होती: 'घरच्यांना सवलत नाही.' ती लिहिली होती एकाच माणसासाठी, आणि तो माणूस म्हणजे त्यांचे यजमान.

यजमान विमा कचेरीतून निवृत्त झालेले. रोज बागेतल्या बाकावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला आर्थिक नियोजन शिकवीत, म्हणून सगळे त्यांना नियोजनसाहेब म्हणत. त्यांची स्वतःची पुंजी मावसभावाच्या अळिंबीच्या शेतीत होती. अळिंबी अजून उगवायची होती.

पोट मात्र नियमानं वाढे. दर चार-सहा महिन्यांनी पँटींची चळत दुकानात येई. बाई कंबर सैल करीत आणि हात पुढे करीत. 'बायकोचा उत्साह टिकायला हवा,' असं म्हणत साहेब उदारपणे पैसे देत.

आणि एक दिवस जागामालक दुकान विकायला निघाला.

"शुक्रवारी दुपारपर्यंत इसार आणा, बाई. नाहीतर मोबाईलवाला तयारच आहे."

बावीस वर्षं ज्या खिडकीच्या उजेडात सुई ओवली, ती खिडकी जाणार म्हटल्यावर बाईंना घास गोड लागेना.

"मी इसार देते," त्यांनी घरी जाहीर केलं.

"तू? अगं, हे सुईत दोरा ओवण्याइतकं सोपं नाही."

"ओवून दाखवा बरं."

बाईंचा चहा संपला तरी साहेब ओवतच होते.

शुक्रवारी साहेबही सोबत गेले. व्यवहाराला जाणतं माणूस हवं ना! मालकाच्या खोलीबाहेर मोबाईलवाला पाय हलवत बसला होता. बाईंनी टेबलावर नोटा मांडल्या. साहेबांचा चष्मा घसरला.

"एवढे आले कुठून?"

"तुमच्या पँटींतून."

"माझ्या खिशाला हात घातलास?"

"खिशाला कशाला? कंबरेला. दर वेळची मजुरी बँकेत, माझ्या नावावर. बावीस वर्षं. तुम्ही जेवलात, मी साठवलं."

मालक खोकला. "कागदपत्रांचा खर्च वेगळा. साडेतीनशे."

बाईंच्या पर्समध्ये रिक्षापुरते पैसे आणि एक रीळ. बाहेर मोबाईलवाला उठून उभा राहिला.

"हे आधी सांगायला हवं होतं!" साहेब कडाडले. "नियोजन म्हणजे—" आणि मुद्द्यावर बोट ठेवायला ते टेबलावर वाकले.

टर्रर्र! मागची शिवण वरपासून खालपर्यंत उसवली.

साहेब मालकाची फाईल मागे धरून भिंतीला चिकटले.

"अगं... सुई आहे ना?"

"आहे. पण दुकानाबाहेरचं काम दुप्पट. तातडीचं त्याच्याही दुप्पट."

"किती?"

"साडेतीनशे."

"ही लूट आहे!"

"मग जा असेच. बागेत सगळे वाट बघत असतील."

साहेबांनी पाकीट काढलं. बाईंनी नोटा मालकापुढे सरकवल्या, कागदावर ठसठशीत सही केली, आणि मगच सुईत दोरा ओवला. एका झटक्यात.

"साक्षीदाराची सही हवी," मालक म्हणाला.

साहेबांनी भिंत न सोडता हात लांब केला आणि सही केली. खरेदीदार म्हणून बाईंचं एकटीचं नाव बघून हळूच म्हणाले,

"मालकीण झालीसच म्हणायची. आता तरी सवलत?"

"आता तर भाव वाढले," बाई म्हणाल्या. "वळा."