लोखंड, निकेल आणि दोन व्याही

सूनबाईने चांगली लागलेली नोकरी सोडली ती एका वाक्यापायी. इलेक्ट्रिक गाड्यांच्या बॅटऱ्या बनवणारी मोठी कंपनी, गारेगार ऑफिस, बसायला गोल फिरणारी खुर्ची. आणि साहेब भर मीटिंगमध्ये म्हणाले, "दोन वेगळ्या रसायनांचे सेल एका पॅकमध्ये नांदत नाहीत." ही म्हणाली, नांदवून दाखवते. साहेब हसले. ते हसले नसते तर कदाचित आजही ती तिथेच गोल फिरत असती.

नांदवायचं काय होतं ते आधी समजून घ्या, फार अवघड नाही. सेल दोन प्रकारचे. एक लोखंडवाले. थंड डोक्याचे, वर्षानुवर्षं टिकणारे, पण घुमे. पोट भरलेलं असो की रिकामं होत आलेलं, व्होल्टेज जवळजवळ तेवढंच. आत किती शिल्लक आहे ते शेवटपर्यंत कळू देत नाहीत. दुसरे निकेलवाले. वजनाला हलके, अंगात जोर, आणि मनातलं सगळं बोलून मोकळे. चार्जिंग जसजसं उतरतं तसतसं त्यांचं व्होल्टेजही उतरतं. फक्त जरा तापट, आणि कायम गच्च भरून ठेवले की लवकर म्हातारे होतात. सूनबाईने एकाच माळेत नऊ लोखंडाचे आणि तीन निकेलचे, असे ओवत नेले. माळेतल्या सगळ्यांतून वीज सारखीच वाहते, म्हणजे घुम्यांच्या पोटात किती उरलंय ते बोलक्यांकडे बघून ओळखायचं. शिवाय निकेलचे सेल तिने मुद्दाम जरा मोठे घेतले, म्हणजे लोखंड शंभर टक्के भरलं तरी निकेल पंचाऐंशीच्या वर जाणार नाही. दोघांचंही भागलं.

हे सगळं तिने पहिल्याच दिवशी घरच्यांना नीट समजावून सांगितलं होतं. पण ऐकायला होते दोन व्याही, आणि ते त्या वेळी पंखा दोनवर ठेवावा की तीनवर यावर बोलत होते.

वर्कशॉप म्हणजे तिच्या वडिलांचं जुनं बॅटरीचं दुकान. वडिलांनी तिथे चाळीस वर्षं ट्रकच्या बॅटऱ्यांत पाणी घातलं. त्यांचं तत्त्व एकच, बॅटरी पोटभर जेवली पाहिजे. अर्धी भरलेली बॅटरी बघितली की त्यांच्या घशाखाली घास उतरत नसे. लोखंडाचे सेल पूर्ण भरावे लागतात असं त्यांनी कुठेतरी वाचलं आणि ते लोखंडाचे झाले. सासरे निवृत्त ड्रायव्हिंग मास्तर. तीस वर्षं शिकाऊ लोकांच्या शेजारी जीव मुठीत धरून बसल्यामुळे कुठलीही गोष्ट टोकाला जायच्या आत थांबवावी, हा त्यांचा बाणा. निकेल ऐंशीच्या वर नेऊ नये असं त्यांनीही वाचलं. ते निकेलचे झाले. नवरा जहाजावर, सहा सहा महिने समुद्रात, त्यामुळे मध्ये पडायला कुणीच नाही.

रविवार सोडून दोघेही मदतीला म्हणून रोज यायचे. दाराच्या या बाजूला वडिलांची खुर्ची, त्या बाजूला सासऱ्यांची. "पॅकला हात लावायचा नाही," एवढं एक वचन तिने दोघांकडून घेतलं होतं. दोघांनी ते दिलं होतं, आणि दुसऱ्याने दिलंय ना याची खात्रीही करून घेतली होती.

पॅक बसवला होता एका फिरत्या वाचनालयाच्या व्हॅनमध्ये. तीन आठवड्यांनी सरकारी तपासणी. त्यातला कडक नियम असा, की गाडीच्या स्क्रीनवरचा चार्जिंगचा आकडा आणि तपासनिसाच्या यंत्राचा आकडा यांत पाच टक्क्यांहून जास्त फरक नको. नापास झालं तर ही रचना दोन वर्षं पुन्हा दाखल करता येणार नाही. आणि दोन वर्षं बसून राहायचं तिला परवडणारं नव्हतं. मग साहेबांकडे परत जायचं. साहेबांचा निरोपही आलेला, दार उघडं आहे म्हणून. तो वाचून तिला तीन दिवस जेवण गेलं नाही.

पहिल्याच आठवड्यात घोळ सुरू झाला. संध्याकाळी कुलूप लावताना स्क्रीनवर ऐंशी, आणि सकाळी साडेआठला कुलूप उघडलं की शंभर. गाडी उपाशी झोपली आणि ढेकर देत उठली. बरं, दुपारी एक ते तीन ती व्यापाऱ्याकडे सेल तपासायला जायची. परत येऊन बघावं तर पुन्हा ऐंशी. गाडी जागची हललेली नाही, किलोमीटरचा आकडा होता तिथेच.

"बाबा, तुम्ही हात लावला का हो पॅकला?"

"मी? छे. व्याह्यांना विचार हवं तर."

"पप्पा, तुम्ही?"

"मी कशाला लावतोय? तुझ्या वडिलांना विचारलंस का?"

दोघांनी एकमेकांकडे एकदा बघितलं आणि पेपरात डोकं घातलं. व्याही ते व्याही. समोरासमोर बोलताना जिभेवर साखर, आणि पेपराच्या आड कपाळावर आठ्या. त्यात नवीन काही नव्हतं, म्हणून सूनबाईने तिकडे लक्ष दिलं नाही.

बॅटरी आपोआप भरत नाही, म्हणजे आकडाच खोटा, असं तिने ठरवलं. नोंदी काढून बघितल्या तर बंद गाडीत करंट वाहताना दिसला. बंद गाडीत करंट? मग सेन्सरच खोटारडा. सेन्सर बदलला. नवा तेच सांगायला लागला. तोही बदलला. शेवटी तिने हिशेबाच्या प्रोग्रॅममध्येच सांगून टाकलं, की किल्ली बंद असताना जो करंट दिसेल त्याकडे दुर्लक्ष कर. मग निकेलचे सेल सेन्सरच्या बाजूने बोलायला लागले, त्यांचं व्होल्टेजही सकाळी चढलेलं आणि दुपारी उतरलेलं. एकेक साक्षीदार येऊन खरं तेच सांगत होता आणि बाई एकेकाला हाकलून देत होती. कारण मनात तेच वाक्य घोळत होतं, नांदत नाहीत. लोखंड आणि निकेल आतल्या आत भांडतायत आणि त्यात आपला पॅक चाललाय, असं तिला वाटायला लागलं. प्रोग्रॅम ती बदलतच राहिली, आता तेरावा चालू होता.

घरी सासूबाईंची वेगळीच काळजी. "यांना रोज दुपारी एवढा घाम का येतो गं? शर्ट पिळून काढावा लागतो. एकदा डॉक्टरांना दाखवू या का?" सूनबाई म्हणाली, तपासणी होऊ दे, मग दाखवू. तिच्या डोक्यात एकच तपासणी होती.

तपासणीच्या सकाळी तिने माघारीचा अर्ज लिहिला. नापास होण्यापेक्षा माघार बरी. निदान नाव तरी काळ्या यादीत जायचं नाही. साडेआठला कुलूप उघडलं तेव्हा स्क्रीन शंभर म्हणत होती. नऊला वडील पेपर काखेत मारून आले, गाडीकडे बघून म्हणाले, "आज कशी तृप्त दिसते," आणि खुर्चीत बसले. तिला रडूच यायचं बाकी होतं.

दहाला तपासनीस बाई आल्या. पन्नाशीच्या, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला, कशाचीही घाई नाही. सूनबाईने त्यांच्या हातात अर्ज दिला. त्यांनी तो उभ्या उभ्या वाचला.

"पॅक विश्वासार्ह नाही, असं लिहिलंय. हे तुम्हीच लिहिलंय?"

"हो."

"बनवलाय कोणी?"

"मीच."

"मग जरा नोंदी बघू द्या. तीस किलोमीटर लांबून आलेय, तशीच परत कशी जाऊ?"

सूनबाईने लॅपटॉप उघडून दिला. बाईंनी चष्मा चढवला आणि बोटाने नोंदी वर सरकवत बसल्या. सासऱ्यांनी पेपराचं पान उलटलं, ते उलटंच धरून.

"हा सकाळी सहा पस्तीस ते आठचा करंट काय आहे?"

"सेन्सरचा दोष आहे. दोनदा बदलला, तरी जात नाही."

"आणि दुपारी एक ते तीन?"

"तोच दोष. उलट्या दिशेने."

"हं." बाईंनी आणखी थोडं सरकवलं. "रविवारी नाही दिसत हा दोष."

"काय?"

"तीन आठवड्यांत तीन रविवार. एकाही रविवारी नाही. बाई, मी बावीस वर्षं हे काम करते, पण रविवारची सुट्टी घेणारा सेन्सर नाही बघितला मी."

सूनबाईने लॅपटॉपकडे बघितलं, मग दाराकडे बघितलं. दाराच्या दोन्ही बाजूंना दोन पेपर उभे होते. 

"बाबा."

पेपर आणखी जरा वर गेला.

"बाबा, दुकानाची जुनी किल्ली कुठाय?"

वडिलांनी पेपर खाली घेतला. "अगं, ऐंशीवर ठेवून जातेस तू रोज. लोखंड आहे ते. रात्रभर अर्धपोटी. मला झोप लागेना. म्हटलं तू यायच्या आत जरा जेवू घालावं. आठला चार्जिंग बंद, आठ पाचला कुलूप, घरी जाऊन चहा, नऊला हजर. कुणाला काय त्रास?"

"ऐंशीवर मी ठेवत नव्हते!"

सगळ्यांनी दुसऱ्या पेपराकडे बघितलं. सासरे उठलेच. ड्रायव्हिंग मास्तर माणूस, चूक झाली की ब्रेक मारायची सवय.

"हे शंभरावर नेऊन ठेवतात," ते व्याह्यांकडे बोट दाखवत म्हणाले. "निकेलचा जीव जातो त्यात. मग उतरवायला नको? व्हॅनमध्ये चहाच्या मशीनसाठी सॉकेट आहे. मी त्याला हीटर लावतो. दोन तास लागतात बरोबर वीस टक्क्यांना. हे दुपारी जेवायला घरी गेले की दार लावून आतच बसतो, बाहेर कुणाला दिसू नये म्हणून."

"या उन्हाळ्यात? हीटर लावून?" वडिलांच्या आवाजात पहिल्यांदाच व्याह्यांविषयी आदर आला.

"मग काय करणार? तुम्हाला तोंडावर कसं सांगायचं, भरू नका म्हणून? मुलीचे वडील तुम्ही."

"आणि मी तुम्हाला कसं सांगणार? तुम्ही मुलाचे वडील."

तपासनीस बाईंनी चष्मा काढला आणि रुमालाने पुसायला घेतला. बराच वेळ पुसत होत्या. त्यांचे खांदे हलत होते.

सूनबाईच्या अंगाचा तिळपापड झाला होता. तीन आठवडे, दोन सेन्सर, तेरा प्रोग्रॅम, आणि हे दोघे आळीपाळीने माझ्या बॅटरीला जेवू घालतायत आणि उपास घडवतायत! पण बाईंनी अर्ज तिच्यापुढे धरला. "हा मी घेऊ की ठेवताय? आणि गाडी न्यायची असेल तर कुठल्या प्रोग्रॅमवर? तेराव्या?"

तेरावा बंद गाडीतला करंट मोजतच नव्हता, नुसतं निकेलकडे बघून आकडा लावत होता. बारावा, अकरावा, सगळे कुठे ना कुठे सेन्सरवर किंवा निकेलवर अविश्वास दाखवून लिहिलेले. तिने लिहिलेल्या सगळ्यात एकच असा होता की ज्यात तिने प्रत्येक सेलवर भरवसा ठेवला होता.

"पहिल्या," ती म्हणाली, आणि पहिला प्रोग्रॅम परत चढवला.

गाडी घेऊन दोघी निघाल्या. घाट चढल्या, उतरल्या, बाजारातून हळूहळू नेली, मोकळ्या रस्त्यावर पळवली. ऐंशी किलोमीटर. सूनबाई स्क्रीनकडे बघत नव्हती, नुसती रस्त्याकडे बघत चालवत होती. परत वर्कशॉपसमोर गाडी उभी केली तेव्हा स्क्रीनवर एकेचाळीस होते. बाईंच्या यंत्रावर बेचाळीस. त्यांनी कागदावर सही केली, वर आणखी एक ओळ लिहिली, की सतत वरच्या वीस टक्क्यांत तीन आठवडे भर-उतार करूनही एकही सेल रांगेबाहेर गेलेला नाही, एवढी कडक चाचणी आमच्या नियमांतही नाही. मग दोघा व्याह्यांना नमस्कार केला आणि गेल्या.

बाई गेल्यावर सूनबाईचा राग परत उफाळून आला. दोघे समोर उभे, हात मागे बांधून.

"रोज बघत होतात तुम्ही. भरून ठेवलेली गाडी ऐंशीवर. ऐंशीवर ठेवलेली गाडी शंभरावर. मी रोज डोकं धरून बसले होते इथे. तुमच्यापैकी एकाला तरी येऊन म्हणावंसं वाटलं नाही, की पोरी, तुझ्या पॅकमध्ये काहीतरी बिघाड दिसतोय?"

दोघांनी एकमेकांकडे बघितलं. प्रश्न त्यांना खरंच कळला नव्हता.

"पॅकमध्ये?" वडील म्हणाले. "पॅक तर तू केलेला."

"मग?"

"मग त्यात कसा बिघाड असेल? मला वाटलं, व्याह्यांचंच काहीतरी बिघडलंय."

"मलाही," सासरे म्हणाले, "यांच्याबद्दल तेच वाटलं."

तीन आठवड्यांत तिने सेन्सरवर संशय घेतला होता, निकेलवर घेतला होता, लोखंडावर घेतला होता, आणि सगळ्यात जास्त स्वतःवर. आणि हे दोघे, ज्यांनी तिचं समजावणं धड ऐकलंसुद्धा नव्हतं, त्यांनी जगात सगळ्यांवर घेतला होता, तिचं काम सोडून. मग ती वळली आणि दोघांना पाठमोरी उभी राहून, काही गरज नसताना, व्हॅनचं दार पुन्हा एकदा नीट लावून घेतलं.