सतरावा व्हॉल्व्ह

वस्तीला आपला इतिहास आठवला तो शंभर वर्षं उलटल्यावर. वाचनालयाच्या लांब भिंतीवर जुने फोटो, नकाशे आणि माणसांच्या आठवणी लावायचं ठरलं, आणि शेजारी कोण वारलं याचाही पत्ता नसणारे लोक घरातल्या ट्रंका उपसू लागले. शाळेतून निवृत्त झालेल्या एका बाईंनी सगळ्यांना कामाला जुंपलं होतं. चावीवाल्याच्या वाट्याला नळांचा नकाशा आला. पाणीखात्यातला जुना नकाशा वाळवीने कधीच संपवला होता, आता तो काय तो याच्या डोक्यात उरला होता.

चावीवाला अठ्ठ्याहत्तर वर्षांचा होता. त्यातली चौतीस वर्षं त्याने छातीएवढी उंच लोखंडी चावी खांद्यावर टाकून गल्लोगल्ली पाणी सोडलं होतं. वाचनालयाच्या मागच्या खोलीत चार दिवस बसून त्याने सगळे व्हॉल्व्ह नकाशावर मांडले. बाई म्हणाल्या, "काका, कुठला कुणीकडे उघडतो त्याचे बाणही काढा. लोकांना मजा वाटेल." त्याने सोळा बाण भराभर काढले, सगळे डावीकडे. सतराव्यापाशी पेन्सिल अडली ती दोन दिवस अडलेलीच होती.

सतरावा मागच्या गल्लीतला. आगीच्या बंबांना पाणी द्यायचा नळ त्याच्यावर होता. तिथला मूळचा व्हॉल्व्ह कुठल्या जमान्यातला होता कोण जाणे, पण होता उलटा. बाकीचे डावीकडे उघडायचे, हा उजवीकडे. हे दोघांनाच ठाऊक होतं, एक चावीवाला आणि दुसरा त्याचा पाळीतला जोडीदार. चाळीस वर्षांपूर्वी एका शनिवारी तो गळायला लागला. गोदामात साधा नवा व्हॉल्व्ह पडून होता, तो चावीवाल्याने बसवून टाकला. वहीत नोंद केली नाही, कारण जेवायची वेळ झाली होती. जोडीदाराला काय, सोमवारी सांगता येईल.

रविवारी दुपारी मागच्या गल्लीतला गाद्यांचा कारखाना पेटला. जोडीदार चावी घेऊन धावला आणि नेहमीसारखी उजवीकडे फिरवली. हलेना. गंजून अडकला असेल म्हणून त्याने सगळं अंग टाकलं, आणि आतला दांडाच तुटला. बंब दारात उभे राहिले, पाण्याचा थेंब नाही. कारखान्याच्या वर राहणारी सात माणसं गेली.

चौकशीत जोडीदार सांगत राहिला, साहेब, तो व्हॉल्व्ह उलटा आहे. साहेबांनी खणून काढलेला व्हॉल्व्ह टेबलावर ठेवला. तो चांगला सुलटा होता. सगळं खापर जोडीदारावर फुटलं, नोकरी गेली, आणि वस्तीने त्याचं नाव ठेवलं 'उलट्या'. पोरं त्याच्यामागून पाठमोरी चालायची आणि मोठी माणसं दारात उभी राहून हसायची. ही तीच वस्ती, बरं का, जी आता आठवणींवर भिंत सजवायला निघाली होती. आणि चावीवाला? तो मूग गिळून गप्प बसला.

भिंतीच्या उद्घाटनाच्या सकाळी सगळे मोठ्या खोलीत जमले. जोडीदाराची मुलगी नकाशा न्यायला मागच्या खोलीत आली. सत्तावन्न वर्षांची बाई, कोपऱ्यावर तिचं झेरॉक्सचं दुकान. भिंतीवरचा सगळा मजकूर तिच्याच दुकानात टाइप झाला होता. तिच्या हातात आगीच्या फोटोखाली लावायचा कागद होता. चावीवाल्याने तो वाचला. 'कर्मचाऱ्याने घाबरून व्हॉल्व्ह उलटा फिरवल्यामुळे पाणी मिळू शकले नाही.'

"हे तू टाइप केलंस?"

"मग कोण करणार? समितीने लिहून दिलं, मी छापलं. नकाशा द्या काका, लोक खोळंबलेत."

आता हा कागद एकदा भिंतीवर गेला की जोडीदार कायमचा उलटा राहणार होता.

"पोरी," तो म्हणाला, "तो व्हॉल्व्ह मी बदलला होता. आदल्या दिवशी. तुझ्या बाबांना सांगितलं नव्हतं."

त्याला वाटलं, ही किंचाळेल, निदान थोबाडीत तरी देईल. ती खुर्ची ओढून शांतपणे बसली.

"माहीत आहे."

"काय?"

"बाबांनी चौकशीतच ओळखलं. टेबलावर ठेवला तो जुना नव्हता. तुम्ही समोरच उभे होतात ना?"

उभा होता. मान खाली घालून.

"मग बोलला का नाही तो?" चावीवाला एकदम चिडला, मेलेल्या माणसावर. "एक शब्द बोलायचा होता!"

"म्हणायचे, एकाची नोकरी गेली तेवढी पुरे. त्याची पोरं लहान आहेत. मोठी झाली की सांगेल तो आपणहून." तिने कागदाची घडी घातली, परत उलगडली. "दर वर्षी शाळा सुरू झाली की मला विचारायचे, त्याचा धाकटा आता कितवीत गेला गं? दहावीत, असं सांगितलं त्या वर्षी ते गेले."

धाकटा बाहेर दुसऱ्या रांगेत बसला होता. त्याच्या कानांवरचे केस पांढरे झाले होते.

"मला माफ कर पोरी."

"मला काय सांगता? मला माहीतच होतं. त्यांना सांगा."

चावीवाल्याने पेन्सिल उचलली, सतराव्यावर डावीकडे बाण काढला आणि नकाशा घेऊन बाहेर आला. उभ्याउभ्याच सगळं सांगितलं, शनिवार, गळती, वही, जेवण, काहीही गाळलं नाही. बाई हळूच म्हणाल्या, "काका, इतक्या वर्षांनी आता हे कशाला..." धाकटा बुटांकडे बघत बसला. ज्यांनी दारात उभं राहून हसून घेतलं होतं, तेही खाली बघत होते. जोडीदाराची मुलगी दारात तो कागद धरून उभी होती.

पहिल्या रांगेत मागच्या गल्लीतल्या आजी होत्या. सातांपैकी दोन त्यांच्या मुली. त्या काठी खुर्चीला टेकवून उठल्या आणि दोन्ही मुठी समोर धरल्या, चावी धरावी तशा.

"कुणीकडे फिरवायचा होता?"

"डावीकडे," चावीवाला म्हणाला.

आजींनी मुठी डावीकडे फिरवल्या. "असा?"

"असाच."

"किती वेळ लागतो?"

"दोन मिनिटं."

"एवढंच?" आजी म्हणाल्या, आणि रिकाम्या हवेत मुठी डावीकडे फिरवत राहिल्या. त्यांना थांबवायला कुणी उठलं नाही.