ट्रॅक्टरवर गेलेली तीनशे पावलं

बाराशे मैल चाललेला माणूस तीनशे पावलांसाठी अडून बसला होता. ओर्विन श्टुकर्टचं डोकं फिरलं होतं म्हणाल, तर तसं नाही. भिडस्तपणा नडला. अमेरिकेतल्या अख्ख्या विस्कॉन्सिन राज्याला हा रोग आहे. माणूस दोनदा 'नको' म्हणेल, पण तिसऱ्यांदा आग्रह झाला की गपगुमान मान डोलावणार.

हिमनद्यांनी घडवलेल्या टेकड्यांमधली ती बाराशे मैलांची वाट ओर्विन आणि त्याची बायको आर्लिस एकोणीस वर्षं तुकड्या-तुकड्यानं चालले. वाट संपूनही चार वर्षं झाली. उरली होती वाटेच्या मंडळाच्या फॉर्मवर सही: 'संपूर्ण वाट पायी चाललो.' ती केली की वाट पुरी करणाऱ्यांच्या यादीत नाव लागणार. तपासायला कुणी येत नाही, आणि तिथंच घोडं अडलं होतं. कारण गावच्या पार्कात, तळ्याच्या तीनशे पावलांच्या चढावर, आठ वर्षांपूर्वी गावातल्याच हार्लन टॉरगर्सननं तिसऱ्यांदा "बसा हो" म्हटलं, आणि दोघं मुकाट्यानं त्याच्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसले होते.

शेवटी एका शनिवारी ओर्विन "आलोच" म्हणून घरातून सटकला. झाडांवरच्या, वाट दाखवणाऱ्या पिवळ्या पट्ट्या बघत चढ चढू लागला, तोच मागून ट्रॅक्टरची फटफट ऐकू आली. हार्लनच! दुसरं कोण असणार?

"अरे ओर्विन, या वयात कशाला जीव काढतोस? बस."

"नको रे, चालतो."

"बस म्हणतो ना!"

"खरंच नको."

"आता बसतोस की उचलून टाकू?"

तिसरी वेळ. ओर्विनला दरदरून घाम फुटला. इतका भला माणूस, काय वाटेल त्याला?

"नाही बसत!" तो ओरडला, आणि स्वतःच दचकला.

हार्लननं टोपी मागं सारली. "कमाल आहे बाबा तुमची! तुझी बायकोपण अशीच. मी तुम्हाला नेलं ना, त्याच आठवड्यात ती एकटी परत आली. एवढाच चढ चालून गेली. मी तीनदा म्हटलं, ती तीनदा नाही म्हणाली."

उरलेला चढ ओर्विन कसा चढला, देव जाणे. घरी आला तर आर्लिस अंगणात सॉसेज भाजत होती.

"अगं, तू चालून आलीस? मला बोलली नाहीस ती!"

"आपणहून जाताय का, बघत होते. आठ वर्षं लावलीत!"

"मग तुझा फॉर्म तरी पाठवायचास!"

"वा! बाराशे मैल तुमची कुरकुर ऐकत चालले, आणि नाव माझ्या एकटीचं लागू देऊ होय?"