होळीच्या आत

सदाशिवरावांनी ट्रकच्या खिडकीतून डोकं बाहेर काढलं आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. पुढून, बंजाऱ्यांच्या तांड्याकडून, बायकांच्या रडण्याचा आवाज येत होता. एकदोघींचा नव्हे, साऱ्या तांड्याचा.

कालव्याच्या कामावरून परतणाऱ्या बायकांचा ट्रक तासाभरापूर्वी पुढे गेला होता, आणि वाटेत ओढ्याचा वाईट उतार होता.

सरकारी कामगार अधिकारी म्हणून ते ढाणकीकडे आले, तेव्हा कालव्याचा ठेकेदार तांड्यातली माणसं गोड बोलून न्यायचा, परत पाठवायचं नाव काढत नसे. मागच्या होळीला रुपीबाईची लेक मानी घरी आलीच नव्हती. सदाशिवरावांनी वरच्यांशी भांडून नियम करून घेतला: जो नेईल त्यानंच होळीच्या आत आणून सोडायचं, आणि तेही गाडीनं.

"बैलासंगं गेलेलं मानूस परत येते, साहेब," रुपीबाई तेव्हा म्हणाली होती. "तुमच्या गाडीचं मले मालूम नाही. माही पोरगी आणून द्या."

"आणतो," ते छाती फुगवून बोलून गेले होते.

आता त्यांनी गाडी थांबवायला लावली, उडी टाकली आणि पळत सुटले. एक चप्पल ओढ्याच्या चिखलात राहिली, दुसरी त्यांनीच भिरकावली. मागून तांड्याचा नायक बाबूसिंग हाका मारत होता. ऐकतो कोण?

लिंबाखाली पहिला ट्रक धड उभा होता. बायका एकमेकींच्या गळ्यात पडून टाहो फोडत होत्या. मधोमध रुपीबाई, आणि तिच्या मिठीत मानी. चांगली धडधाकट, आईपेक्षा मोठ्यानं रडणारी.

"कोण गेलं?" सदाशिवरावांनी धापा टाकत विचारलं.

"कोनीच नाही," मागून ट्रकमधून आलेला बाबूसिंग म्हणाला. "आपलं मानूस दुरून आलं का आमच्या बाया अशाच भेटतेत. सांगून राह्यलो होतो, तुमी ऐकाल तं ना. परक्यासाठी कोनी रडत नाही, साहेब."

सदाशिवरावांच्या जिवात जीव आला. ते बाजेवर बसले आणि पोट धरून हसले. किती तरी महिन्यांनी इतके हसले असतील.

रुपीबाईनं पाण्याचा लोटा आणला. पाणी पिऊन ते उठले. अंधार पडायच्या आत उमरखेड गाठायचं होतं. तिची नजर त्यांच्या चिखलानं भरलेल्या अनवाणी पायांवर गेली.

"चपला कुठी हायेत?"

"राहिल्या वाटेत."

रुपीबाईनं लोटा खाली ठेवला. पुढे झाली, त्यांच्या गळ्यात हात टाकले आणि मोठा सूर काढून रडू लागली. बाकीच्या बायकाही सरसावल्या.

काय करावं ते न कळून सदाशिवरावांनी मान वाकवली. बाबूसिंगनं ड्रायव्हरला खूण केली, साहेबांची पेटी खाली उतरव.