एकशे एकोणीस पायऱ्या

शनिवार, ११ मे २०१९, सकाळी साडेदहा. ऑक्सफर्डच्या कॉर्नमार्केट रस्त्याच्या तोंडाशी आम्ही बारा जण जमलो होतो. तेराव्या आमच्या वाटाड्या, डोरीन हॅझलडीन; वय एकसष्ट, शाळेच्या स्वयंपाकघरातून निवृत्त झालेल्या. त्यांनी आरंभीच सांगून टाकले, "आज माझी वाटाड्याच्या बिल्ल्याची परीक्षा आहे. ते करड्या रेनकोटातले गृहस्थ मला गुण देणार. दोनदा नापास झालेय, आता तिसऱ्यांदा झाले की दार कायमचं बंद. तेव्हा मंडळी, जरा सांभाळून घ्या!"

सगळे हसले, मीही हसलो. म्हणजे मला सारे ठाऊक होते, हे आधीच नोंदवतो.

माझी धाकटी बहीण ऑड्री ग्रिम्सबीहून आली होती. तिला शहर दाखवावे म्हणून मी या फेरीची तिकिटे काढली. मी इथलाच, पण विद्यापीठाचा नव्हे. गावातल्या तंत्रशाळेत बांधकाम शिकलो आणि अडतीस वर्षे या जुन्या इमारतींची डागडुजी केली. ज्या अंगणांत विद्यापीठाचा काळा गाऊन घातलेली मुले हिंडत, त्यांखालची गटारे मला तोंडपाठ होती.

डोरीनबाई चांगले बोलत होत्या. एका कॉलेजच्या फाटकाशी त्या म्हणाल्या, "हिरवळीवर पाय ठेवायचा नाही हं. तिथे फक्त प्राध्यापक आणि बदकं." रेनकोटवाल्यांनीही हसू दाबले. त्यांची पेन्सिल भराभर चालली.

मग चर्चचा मनोरा आला.

"वर जायला एकशे बावीस पायऱ्या आहेत," त्या म्हणाल्या.

"एकशे एकोणीस," मी म्हणालो. मला कोणी विचारले नव्हते, आणि आवाजही हवा त्याहून मोठा लागला.

"साहेब, मी दोनदा चढून मोजल्यात."

"आणि मी चौऱ्याहत्तर साली त्यांतल्या अकरा बदलल्यात, बाई."

लोक खिदळले. ऑड्रीने कोपर मारले. "गप्प बस ना, क्लाइव्ह! तुला कुणी परीक्षक नेमलंय?"

डोरीनबाईंची मान लाल झाली. हातातले टिपणांचे कागद खाली पडले. ते उचलताना त्यांचा क्रम मोडला. "हे चर्च... हे चर्च..." पुढे शब्द येईनात. सवयीने माझी नजर घड्याळाकडे गेली. चाळीस सेकंद. पेन्सिल पुन्हा चालली, या वेळी सावकाश.

आम्ही वर चढलो. मी मोजत गेलो. एकशे बावीस. तेव्हा आठवले: त्या साली आम्ही बाहेरच्या परांचीवरून मधल्या दाराने आत शिरत असू, आणि ते दार खालून तीन पायऱ्या वर होते.

माथ्यावर परीक्षक माझ्या शेजारीच चष्मा पुसत उभे होते. एक वाक्य पुरले असते.

"हवा छान आहे," मी म्हणालो.

"हो, आहे खरी."

ऑड्री धापा टाकत पोहोचली. "किती भरल्या रे?"

"मोजल्या नाहीत."

"तू? स्वतःच्या लग्नात चर्चच्या फरश्या मोजणारा तू?" तिने माझ्याकडे पाहिले आणि पुढे काही विचारले नाही. तिचे ते न विचारणे मला अधिक झोंबले.

खाली निरोप घेताना डोरीनबाईंनी माझा हात हातात घेतला. "चूक दाखवलीत, बरं झालं साहेब. घरी गेले की वहीत आकडा बदलते."

मी मान डोलावली. त्या दिवशी केलेल्या सगळ्या गोष्टींत मला सर्वांत जास्त लाज वाटते ती त्या मान डोलावण्याची.

सोमवारी मी दोन पत्रे लिहिली, एक त्यांना, एक परीक्षकांना. डोरीनबाईंचे उत्तर आले नाही. परीक्षकांचे गुरुवारी आले: 'आकडा त्यांचाच बरोबर होता, हे मला ठाऊक होते. त्याबद्दल मी काहीच कापले नाही. कापले ते त्या थांबल्या त्याचे. गुण शनिवारीच नोंदवले गेले असून ते बदलता येत नाहीत.'

उत्तीर्ण होण्यास साठ गुण लागतात. डोरीन हॅझलडीन यांना अठ्ठावन्न मिळाले.